म्हातारी मोटार, तरुण चालक आणि विम्याचा तक्ता

"तरुण माणसाला जुन्या मोटारीचा विमा परवडत नाही," हे वाक्य गेल्या वर्षभरात मी कॅन्टीनमध्ये ऐकले, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर ऐकले आणि एकदा तर अर्थशास्त्राच्या तासाला मागच्या बाकावर ऐकले. बोलणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी आजोबांची फियाट ताडपत्रीखाली उभी आहे, कोणाच्या मामाची अँबॅसडर वाड्याच्या मागच्या अंगणात कोंबड्यांना आसरा देते आहे, तर कोणाकडे चुलत्यांची चेतक स्कूटर आहे. गाडी फिटरकडून चालू करून घेता येईल, पेट्रोलचेही कसेबसे भागेल, पण विमा कोण भरणार? त्यापेक्षा द्या भंगारात, असा एकंदर सूर. माझ्या मते हे वाक्य निम्मे परके आणि निम्मे चुकीचे आहे. त्यापायी चालू शकणाऱ्या गाड्या मोडीत निघत आहेत आणि काही गाड्या विम्यावाचून रस्त्यावर येत आहेत. म्हणून हा लेखनप्रपंच.

परके अशासाठी, की ही तक्रार मुळात इंग्लंड-अमेरिकेतली आहे. तिकडे विमा कंपनी मोटारीकडे पाहण्याआधी चालकाकडे पाहते. वय काय, परवाना कधी मिळाला, राहता कोठे, धंदा काय, मागे अपघात केला होता का, अशी उलटतपासणी होते. पंचविशीच्या आतला माणूस म्हणजे त्यांच्या लेखी चालता-बोलता धोका, आणि त्याचा हप्ता त्याच हिशेबाने चढवला जातो. मुलगा की मुलगी हेही पूर्वी विचारात घेत. युरोपीय न्यायालयाच्या निकालामुळे २१ डिसेंबर २०१२ पासून त्या भेदाला तेथे बंदी झाली. वयाचा भेद मात्र राहिला. अशा ठिकाणी वीस वर्षांच्या पोराने जुनी मॉरिस मायनर घेतली, तर विम्याचा विचार गाडीच्या आधी करावा लागतो हे उघड आहे.

आपल्याकडचा प्रकार वेगळा. रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाच्या नुकसानभरपाईचा जो विमा कायद्याने सक्तीचा आहे, ज्याला आपण सगळे 'थर्ड पार्टी' म्हणतो, त्याचा दर कंपनी ठरवत नाही. तो सरकारी तक्त्याने ठरतो. १ जून २०२२ पासून अमलात आलेल्या तक्त्यात खाजगी मोटारींचे तीनच वर्ग केले: इंजिन १,००० सीसीपर्यंत असेल तर २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी. चालकाचे वय किती, हा रकाना त्या तक्त्यात नाही. मोटारीचे वय किती, हाही नाही. प्रीमियर पद्मिनीचे इंजिन १,०८९ सीसीचे, म्हणजे ती मधल्या वर्गात बसते. अँबॅसडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाची भरती १,४८९ सीसी, तीही तेथेच. मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेरल्ड ९४८ सीसीची, म्हणून ती सर्वांत स्वस्त वर्गात.

आता पद्मिनीचा हिशेब करू. ३,४१६ अधिक कर म्हणजे ४,०३१ रुपये वर्षाला. दिवसाला अकरा रुपये. एका चहाचा हा खर्च. प्राचार्यांनी पद्मिनी घेतली तरी तेवढेच आणि प्रथम वर्षातल्या मुलाने अठरा पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी घेतली तरी तेवढेच. चेतकसारख्या ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला त्याच तक्त्यात ७१४ रुपये होते, येझदीसारख्या १५० ते ३५० सीसीच्या वर्गाला १,३६६. वयावरून तरुणाला न नाडणारी व्यवस्था आपल्याकडे क्वचितच आढळते. ही एक आहे, आणि आपण तिच्याच नावाने खडे फोडतो आहोत!

मग घोडे अडते कोठे? अडते ते स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यापाशी. बोलीभाषेत ज्याला 'फुल इन्शुरन्स' किंवा 'फर्स्ट पार्टी' म्हणतात, तो हा. येथे वयाचा फटका बसतो खरा, पण चालकाच्या वयाचा नव्हे. तो बसतो गाडीच्या वयाचा, आणि लबाड अशा वाटेने, की पैसे भरताना तो जाणवतच नाही.

या विम्यात गाडीची एक किंमत धरतात. तिला 'आयडीव्ही' म्हणतात. नवी गाडी सहा महिन्यांची झाली की पाच टक्के घट, दोन वर्षांची होईतो वीस, पाच वर्षांची होईतो पन्नास, असा २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफचा तक्ता आहे. पाच वर्षांच्या पुढे तक्ता संपतो. तेथे नियम एवढेच सांगतो, की किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसांत समजुतीने ठरवावी. 'आपसांत समजुतीने' हे शब्द फार गोड आहेत. प्रत्यक्षात खिडकीपलीकडचा गृहस्थ आर.सी. बुकावरचे साल पाहतो, चष्मा कपाळावर सरकवतो आणि म्हणतो, "तीस हजार लिहू? का चाळीस?" आपल्याला वाटते, बरे झाले, किंमत कमी म्हणजे हप्ता कमी. टॅरिफच्या काळात दहा वर्षांवरील मोटारीचा स्वनुकसानीचा दर किमतीच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास होता. दर २००७ पासून मोकळे झाले असले तरी हिशेबापुरता तोच धरू. चाळीस हजारांवर चौदाशे रुपये, दोन लाखांवर सात हजार. विद्यार्थी अर्थातच चौदाशे पसंत करतो.

ही बचत किती महाग पडते, ते आता पाहा. दुरुस्तीचा खर्च धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, की पॉलिसीच्या भाषेत गाडी 'टोटल लॉस' होते. चाळीस हजारांचे पंचाहत्तर टक्के म्हणजे तीस हजार. पुढून एखादा टेम्पो घासून गेला. बॉनेट, एक मडगार्ड, जाळी, रेडिएटर आणि मग सबंध रंग, एवढ्यात तीस हजारांचा आकडा ओलांडला जातो. इंजिन ठणठणीत आहे, गिअर गुळगुळीत पडताहेत, आसनांना नुकतेच नवे कव्हर चढले आहे. तरी कागदोपत्री गाडी मेली. नव्या मोटारीला मारायला खांब लागतो. जुनीला कागदावरचा एक कमी आकडा पुरतो.

बरे, बिल तीस हजारांच्या आत राहिले तरी काय मिळते? पॉलिसीत घसाऱ्याचा तक्ता आहे. दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के कपात, रबर-प्लास्टिक-टायर-बॅटरीवर ५० टक्के, काचेवर काही नाही, मजुरीवर काही नाही, रंगाच्या बिलात फक्त मालाच्या किमतीवर निम्मी. समजा २४ हजारांचे बिल झाले: पत्र्याचे भाग १२ हजार, रबर-प्लास्टिक २ हजार, मजुरी ६ हजार, रंग ४ हजार. पत्र्यात सहा हजार गेले, रबरात एक हजार. रंगाच्या एकत्रित बिलात माल पाव हिस्सा धरतात, त्याचा निम्मा म्हणजे पाचशे. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला सक्तीचे हजार रुपये आपले. हाती आले साडेपंधरा हजार. तेही सर्व्हेअरने कुर्ल्याहून किंवा जुन्या बाजारातून आणलेल्या भागांची हातपावती मान्य केली तर! जुन्या गाडीचे सुटे भाग पक्क्या बिलावर मिळणे म्हणजे दुष्काळात बर्फाचा गोळा. म्हणून ज्याला हा विमा घ्यायचाच आहे, त्याने इंजिनकाम, पत्राकाम, टायर यांच्या पावत्या सांभाळाव्यात, चारी बाजूंनी छायाचित्रे काढावीत आणि अर्जासोबत किमतीबाबत लेखी पत्र द्यावे. तोंडी बोलण्याने चाळीस हजारांचे दोन लाख होत नाहीत. हप्ता जड वाटला तर अपघातातली पहिली काही रक्कम आपण सोसू असे लिहून देण्याची सोय आहे. टॅरिफमध्ये पाच हजार स्वतः सोसण्याच्या बदल्यात स्वनुकसानीच्या हप्त्यात २५ टक्के, पण दीड हजारांपेक्षा जास्त नाही, अशी सूट होती. किंमत पाडून हप्ता कमी करण्यापेक्षा ही वाट शहाणपणाची. आणि पैसेच नसतील तर नुसता थर्ड पार्टी घ्यावा. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. थर्ड पार्टीच्या जोडीला फक्त आग आणि चोरी यांचा विमा घेण्याचीही सोय टॅरिफमध्ये होती. बहुतेक वेळ अंगणातच उभी असणाऱ्या मोटारीसाठी ती मुद्दाम विचारून पाहण्याजोगी आहे.

येथे कोणी म्हणेल, की अहो, जुन्या गाड्यांसाठी सरकारने वेगळा नियम केला आहे ना? केला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने 'विंटेज' वाहनांचे नियम जाहीर केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, सांगाडा-बॉडी-इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात मोडते. नव्या नोंदणीची फी २० हजार, पुढे पुनर्नोंदणीची ५ हजार, मुदत दहा वर्षे. आणि २०२२ च्या तक्त्यात अशा नोंदलेल्या खाजगी मोटारीला थर्ड पार्टीच्या हप्त्यात ५० टक्के सूट. म्हणजे पद्मिनीचे ३,४१६ चे १,७०८ झाले. वाचून मला आनंद झाला. पुढचे कलम वाचेपर्यंत तो टिकला. विंटेज नोंदलेले वाहन नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणायचे नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतेच बाहेर काढायचे. सतराशे रुपये वाचवण्यासाठी वीस हजार भरायचे आणि वर गाडी घरात ठेवायची! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. शिवाय सुटीच्या कलमात शब्द आहे 'मोटार'; विंटेज नोंदलेल्या राजदूत-लॅम्ब्रेटांनी काय पाप केले, कोण जाणे.

नियम वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. संस्थानिकांच्या गॅरेजातल्या रोल्स-रॉइस आणि ब्यूक यांच्यासाठी तो अगदी रास्त आहे. टॅरिफने तर त्यापूर्वीच १९४० अखेरपर्यंत बनलेल्या आणि क्लबाने दाखला दिलेल्या मोटारींना 'ठरीव किमती'ची पॉलिसी मिळेल असे म्हटले होते: गाडी गेली तर आधी ठरलेली रक्कम, घसारा न कापता. बाकीच्यांना ती सोय नाही. याचा अर्थ असा, की महाराजांच्या मोटारीची किंमत विमा कंपनी कागदावर लिहून देते आणि मास्तरांच्या मोटारीची किंमत दर वर्षी खिडकीशी घासाघीस करून ठरते.

कारण पद्मिनी ही मास्तरांची मोटार होती. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली आणि १९७४ पासून तिलाच पद्मिनी म्हणू लागले. डॉक्टर, वकील, साखर कारखान्याचे केमिस्ट, बँकेतले अधिकारी यांनी आगाऊ रक्कम भरून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहिली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी हीच. तिची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची, आणि वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. त्या दिवशी वर्तमानपत्रांतून हळहळ व्यक्त झाली. हळहळणाऱ्यांपैकी कितीजणांच्या घरची पद्मिनी त्यापूर्वीच किलोच्या भावाने गेली होती, हे मला विचारावेसे वाटते. आमच्या घरची १९७८ सालची आहे. पन्नाशी गाठलेली नाही म्हणून विंटेज नाही. पाच वर्षांच्या पुढे गेली म्हणून तक्त्यातही नाही. भंगार आणि संग्रहालय यांच्यामध्ये जी वीस-पंचवीस वर्षे येतात, त्या वयाच्या मोटारींना आपल्या विमाव्यवस्थेत नावच नाही. जुन्या वाहनांची फिव्हा ही आंतरराष्ट्रीय संघटना तीस वर्षांपासूनच वाहनाला ऐतिहासिक मानते. इंग्लंडात चाळीस वर्षे झाली की मोटारीचा रस्ताकर माफ होतो. आपल्याकडे मात्र या काळात नूतनीकरणाची फी वाढते: २०२२ च्या एप्रिलात ६०० ची ५,००० झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी १०,०००.

आता वारसांविषयी थोडे, कारण आपल्या वयाच्या माणसाकडे जुनी गाडी येते ती बहुधा विकत घेऊन नव्हे, तर कोणाच्या तरी पश्चात. आजोबा गेले, तेरावा झाला, गाडी नातू चालवू लागला. पॉलिसी आजोबांच्याच नावावर. अट अशी, की विमेदाराच्या मृत्यूनंतर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांतले जे आधी येईल तोवर, चालते. त्या अवधीत वारसाने आर.टी.ओ.कडे नाव बदलून विमाही आपल्या नावावर घ्यायचा. पुढे गाडी चालत राहते, पण पॉलिसीचा भरवसा संपतो. आजोबांनी कधी भरपाई न मागता जमवलेला 'नो क्लेम बोनस', जो पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जातो, पती-पत्नी, मुले किंवा आईवडील यांच्याकडे येऊ शकतो. त्या यादीत नातू नाही! गाडी आधी वडिलांच्या नावावर करण्यात हा एक व्यावहारिक फायदा आहे. पण मग दुसरी गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा आर.सी. बुकावर ज्याचे नाव, त्याचाच. वडिलांच्या नावाची मोटार चालवणाऱ्या मुलाचा तो नव्हे. मुलाने आपला अपघात विमा वेगळा मागून घ्यायचा. घराघरांतून गाडी चालवणारा एक आणि कागदावरचा दुसरा अशीच स्थिती असते. तरुण चालकाची खरी उघडी बाजू ही आहे, हप्त्याचा आकडा नव्हे.

आमच्या प्राध्यापकांपैकी एकांनी या विषयावर मला छेडले, की तुमच्या हौसेची काळजी समाजाने का करावी? प्रश्न योग्य होता. माझ्या हौसेची करू नये. पण ज्या मोटारीला जुने ब्रेक आहेत, सीटबेल्ट बहुधा नाहीत, ती चालवणाऱ्याकडून उद्या एखादा सायकलवाला दूधवाला जायबंदी झाला, तर त्याच्या घरच्यांना भरपाई कोण देणार? विमा असला तर न्यायाधिकरणाने ठरवलेली रक्कम कंपनी भरते. नसला तर त्या कुटुंबाने बेकार विद्यार्थ्याच्या खिशाकडे पाहायचे. बिनविम्याच्या गाडीला कायद्याने पहिल्या खेपेस दोन हजारांचा दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, सांगितली आहे. पण दंडाचे पैसे सरकारजमा होतात, दूधवाल्याकडे जात नाहीत. 'विमा परवडत नाही' या अफवेची किंमत अखेर तो देतो. म्हणून ती अफवा मला निरुपद्रवी वाटत नाही.

मागणी म्हणाल तर फार मोठी नाही. तीस वर्षांवरील, मूळ स्वरूपात राखलेल्या, पण रस्त्यावर चालणाऱ्या मोटारी व दुचाकी यांचा एक मधला वर्ग करावा. वर्षाला अमुक इतकेच किलोमीटर चालवीन अशी हमी मालकाने द्यावी, त्या बदल्यात कंपनीने मूल्यमापकाच्या दाखल्यावरून ठरीव किंमत मान्य करावी. इंग्लंडातल्या जुन्या मोटारींच्या पॉलिसी साधारण याच तत्त्वावर चालतात: ठरीव किंमत, मर्यादित मैल, क्लबाचे सदस्यत्व. हे आपल्याकडे अशक्य आहे असेही नाही. विमा नियामकाने जुलै २०२२ मध्येच 'जितके चालवाल तितके भरा' अशा जोडपॉलिसींना परवानगी दिली. वर्षाला हजारभर किलोमीटर धावणाऱ्या मोटारीइतके योग्य गिऱ्हाईक त्या योजनेला दुसरे कोणते मिळणार? मात्र आम्ही चौकशी केली त्या शाखेत ती नव्या गाड्यांसाठीच असल्याचे सांगण्यात आले, आणि संगणकावरच्या यादीत 'पद्मिनी' हे नाव शोधूनही सापडले नाही. अखेर तेथल्या एका वयस्कर कारकुनांनी कागदी अर्ज काढून दिला. त्यांच्या वडिलांकडेही हीच गाडी होती, असे ते फॉर्म भरता भरता म्हणाले.

क्लबांचे म्हणाल तर टॅरिफमध्ये ऑटोमोबाइल असोसिएशनच्या सभासदाला पाच टक्के सूट होती, कमाल दोनशे रुपये. दोनशे रुपयांत आता एक हॉर्नसुद्धा येत नाही. पण पाच-दहा जणांनी मिळून एकाच मूल्यमापकाला बोलावले, तर प्रत्येकाच्या वाट्याचा खर्च कमी होतो आणि खिडकीवरच्या 'आपसांतल्या समजुती'ला एक लेखी आधार मिळतो. आपल्या महाविद्यालयाच्या वाहनतळावर मी गेल्या महिन्यात मोजल्या: दोन अँबॅसडर, एक पद्मिनी (आमचीच), चार चेतक आणि विज्ञान शाखेच्या एका सरांची येझदी. सरांशी माझे बोलणे झाले आहे. बाकीच्यांनी सत्र सुरू झाल्यावर आर.सी. बुक आणि चालू पॉलिसी घेऊन भेटावे. पॉलिसी संपलेली असेल तर लवकर, कारण मुदत उलटून नव्वद दिवस झाले की जमलेला नो क्लेम बोनस जातो.